चौकटीत न मावलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना आणि दमलेला साचा आहे. साचा म्हटले की तुम्हाला विटांचा साचा आठवेल, पण मला हात लावून पाहता येत नाही. मी कॉम्प्युटरमधली एक फाईल आहे, चारशे बारा ओळींची. माझ्यात बातम्या नाहीत. बातम्या कागदावर कशा बसवायच्या, ते माझ्यात आहे. मथळ्याची अक्षरे केवढी, रकाने किती, दोन रकान्यांमध्ये जागा किती सोडायची, चौकट कुठे काढायची, हे सगळे खुणांनी लिहून ठेवलेले आहे. कुणीतरी साधा मजकूर लिहितो, त्यात ‘हा मथळा’, ‘ही बातमी’, ‘हा तक्ता’ अशा खुणा करतो आणि माझ्या स्वाधीन करतो. मी तो मापात बसवून छापण्याजोगे पान देतो. तेरा वर्षे मी हेच करत आलो. तीनशेहून जास्त अंक काढले. आता फार बोलवत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म चिली देशातल्या चिलोए बेटावर, पुल्माव नावाच्या खाडीकाठच्या गावात, तिथल्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत झाला. ओतिलिया ओयार्सो त्या शाळेत गणित शिकवत. वाल्दिवियाच्या विद्यापीठात असताना त्यांनी आपला प्रबंध खुणांच्या याच लिपीत लिहिला होता. तेव्हापासून दुसऱ्या कशात लिहिणे त्यांना पटत नसे. जुलैची, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याची, सुट्टी होती. लोखंडी चुलीत लाकडे टाकून बाई एकट्याच पेपर तपासत बसल्या होत्या, तेवढ्यात एदेलमीरा नावेलकीन गमबुटांसकट आत आल्या.

एदेलमीरा तेव्हा चौपन्न वर्षांच्या होत्या. ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या आणि कालवं काढणाऱ्यांची गावात एक संघटना होती, तिच्या त्या चिटणीस. संघटनेचे एक छोटे वार्तापत्र दर पंधरा दिवसांनी निघे. त्याचे नाव ‘ला बाहामार’, म्हणजे ओहोटी. ते त्या स्वतःच टाईप करत. त्यांनी त्याची एक प्रत बाईंच्या टेबलावर ठेवली.

“बाई, हे यंत्र माझ्यावर का चिडलंय ते सांगा. मी फोटो एक बोट सरकवते, तर निम्मा गाव पुढच्या पानावर पळतो. आणि हे भरती-ओहोटीचे आकडे बघा, पिऊन उभे राहिल्यासारखे.”

बाईंनी कागद उलटून पाहिला. “तुम्ही दर वेळी सगळं नव्यानं मांडता?”

“मग काय करू? दर पंधरा दिवसांनी घर बांधायचं, आणि राहायला जायच्या आत ते पडायचं.”

“घर एकदाच बांधू,” बाई म्हणाल्या. “पुढं तुम्ही फक्त माणसं आत सोडायची.”

मला घडायला नऊ दिवस लागले. एदेलमीरा रोज दुपारी फडक्यात बांधलेले गरम मिलकाव घेऊन येत. किसलेल्या बटाट्याचे ते जाड वडे चुलीवर पुन्हा कडक करून दोघी खात, एकाच पेल्यातून आळीपाळीने माते नावाचा कडवट पाल्याचा चहा पीत आणि माझ्यावरून वाद घालत. बाईंना हवी होती सुबकता. एदेलमीरांना हवा होता खिशात मावणारा कागद.

“एकच कागद, पाठपोट,” त्यांनी बजावले. “चार घड्या घातल्या की रबरी कोटाच्या खिशात गेला पाहिजे. दोन कागद दिलेत, तर त्यातला एक चुलीत जातो.”

मथळा झाला, तक्ता झाला. तक्त्यातले आकडे मी असे एकाखाली एक बसवले, की एदेलमीरांनी पट्टी लावून पाहिली. मग आली बंद किनाऱ्यांची चौकट. आमच्या समुद्रात कधी कधी एक विषारी शेवाळ फोफावते. गावात त्याला ‘लाल पाणी’ म्हणतात, जरी पाणी बहुतेक वेळा लाल दिसत नाही. ते विष शिंपल्यांत उतरते. त्यांची चव बदलत नाही, वास बदलत नाही, आणि कितीही उकळले तरी विष जात नाही. म्हणून आरोग्य खाते किनाऱ्यांची नावे कळवते आणि तिथे शिंपल्या काढायला बंदी असते.

“ही चौकट पहिल्या पानावर, ओहोटीच्या तक्त्याच्या बरोबर वर,” एदेलमीरा म्हणाल्या. “लोक तक्ता बघायला कागद उघडतात. ते बघता बघता हेही बघतील.”

“एका वेळी जास्तीत जास्त किती किनारे बंद होतात?”

एदेलमीरांनी बोटांवर मोजले. “चार. फार तर पाच.”

“मी सहाची जागा ठेवते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चौकटीची उंची सहा ओळींना पक्की बांधून टाकली, म्हणजे खालचा तक्ता कधी हलू नये. तक्त्याच्या मागे त्यांनी राखाडी रंगाची पट्टी घातली. चौकटीतला मजकूर आधी उमटायचा, मग त्याखाली पट्टी. दिसायला फार देखणे होते ते. माझा दोष त्या देखणेपणातच होता, पण तेव्हा तो ना त्यांना दिसला ना मला.

पहिला अंक निघाला तेव्हा गावाने माझे कौतुक केले. मासळीच्या धक्क्यावर लोकांनी कागद उजेडात धरून पाहिला. कुणी विचारले, हा कास्त्रो शहरातल्या छापखान्यातून करून आणला का. एदेलमीरांचा धाकटा भाऊ रोसेंदो आपल्या बोटीतून समोरच्या छोट्या बेटावरच्या घरांना प्रती पोचवत असे. तो परत येऊन म्हणाला, “ताई, लोक आता वाचल्यावर घडी घालून ठेवतात. आधी त्यात मासे गुंडाळायचे. माशांची पंचाईत केलीत तुम्ही.”

कौतुक फार टिकत नाही, मित्रांनो. दुसऱ्या वर्षापासून मी नेहमीचा झालो. नाताळात मला किनार घातली, ती काढायची राहिली. फुटबॉलच्या निकालांसाठी एक रकाना ठोकला. जन्म, मृत्यू, हरवलेली डुकरे, चर्चच्या छपराची दुरुस्ती, सगळे माझ्यातच कोंबले. प्रत्येकाने थोडे ढकलले, थोडे ओढले. मी ते बसवत गेलो. जिथे बसत नव्हते तिथे मी तसे सांगतही होतो. पान तयार करताना मी एक नोंदवही लिहितो. ‘अमुक ओळ लांब झाली’, ‘अमुक चौकट भरून वर आली’, असे त्यात येते. एका अंकाला अशा दीडशे-दोनशे ओळी निघत.

एकदा एदेलमीरांनी पडद्यावर त्या ओळी पाहिल्या आणि घाबरून विचारले, “बाई, हे काय म्हणतंय?”

“ते वाचू नका,” बाई हसून म्हणाल्या. “ते नेहमीच कुरकुरतं. पान आलं ना? मग झालं.”

त्यानंतर माझी नोंदवही कुणी उघडली नाही. मला त्याचा राग आला नाही. खरे सांगायचे तर दोनशे ओळींपैकी एकशे नव्व्याण्णव बिनकामाच्याच असत. बाईंचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

सातव्या वर्षी, मार्च संपताना, बटाटे काढून झाले होते आणि लाल पाणी आले. आले ते असे, की म्हाताऱ्या माणसांनीही तसे पाहिले नव्हते. आरोग्य खात्यातून फोनवर नावे आली, ती एदेलमीरांनी उभ्या उभ्या आपल्या वहीत लिहून घेतली. शेवटचे नाव लिहिताना निळे पेन संपले, म्हणून ते काळ्या पेनाने लिहिले. एकूण सात किनारे. सातवे नाव होते पुंता रालेव. तो किनारा समोरच्या बेटाच्या पलीकडच्या अंगाला होता. तिथे रस्ता नाही, घर नाही, सूचनेची पाटी नाही.

त्यांनी सातही नावे मला दिली. मी ती घेतली. सहा नावे चौकटीत बसली. सातवे चौकटीच्या खाली उतरले आणि त्यावर तक्त्याची राखाडी पट्टी येऊन बसली. मी नोंदवहीत लिहिले, ‘चौकट एका ओळीने जास्त भरली आहे.’ ती एकशे बेचाळिसावी ओळ होती. पान सुरेख आले. एदेलमीरांना घाई होती. त्यांनी एकशे तीस प्रती छापल्या आणि धक्क्यावर नेऊन दिल्या.

रोसेंदो दुसऱ्या दिवशी सकाळी प्रती घेऊन निघाला. एक प्रत त्याच्या स्वतःच्या खिशात होती. बेटावरची घरे झाल्यावर त्याने चौकट वाचली. पुंता रालेवचे नाव नव्हते. ओहोटीला दोन तास होते. त्याने बोट पलीकडे नेली, बादलीभर काळ्या शिंपल्या काढल्या, आणि काढता काढता चार-पाच तिथेच उघडून लिंबू पिळून खाल्ल्या. असे सगळेच खातात.

परत येताना त्याचे ओठ बधिर झाले. मग बोटांची टोके. धक्क्याला लागेपर्यंत त्याला दोरी बांधता येईना. त्याची बायको नेल्दा धक्क्यावरच होती. तिने बादली पाहिली, त्याचे तोंड पाहिले. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिने त्याला कास्त्रोच्या इस्पितळात नेले. पोचेपर्यंत त्याचा श्वास तुटायला लागला होता. तीन दिवस यंत्राने त्याच्या वतीने श्वास घेतला. त्या विषावर उतारा नाही. ते आपणहून उतरेपर्यंत माणसाला जगवत ठेवायचे, एवढेच डॉक्टरांच्या हातात असते.

रोसेंदो वाचला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे ऐकताना तुम्ही त्याच्याच काळजीत राहाल. पुढची गोष्ट त्याच्या बहिणीची आहे.

चौथ्या दिवशी नेल्दा संघटनेच्या कचेरीत आली. तिने रोसेंदोच्या खिशातला घडी घातलेला कागद टेबलावर उघडला. सात-आठ माणसे बसली होती.

“वन्सं,” ती म्हणाली, “ह्यात रालेव कुठं लिहिलंय ते दाखवा.”

एदेलमीरांनी चष्मा लावला. एकदा वाचले, पुन्हा वाचले. कागद उलटून मागची बाजूही पाहिली. “मी लिहिलं होतं, नेल्दा.”

“मग दाखवा.”

एदेलमीरांनी आपली वही काढली. वहीत सातवे नाव होते, पण काळ्या शाईत. वरची सहा निळ्या. एका म्हाताऱ्याने वही हातात घेतली, पाहिली आणि हळूच बंद करून परत दिली. तो म्हणाला, “चुकतं माणूस, एदेलमीरा. पण मागाहून लिहू नये.”

मित्रांनो, त्या क्षणी मी शंभर पावलांवर शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये होतो. माझ्याजवळ दिलेला मजकूर जसाच्या तसा होता, सातही नावांचा. पण कुणी उघडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

एदेलमीरांनी चिटणीसपद सोडले. अंक बंद पडला. त्या इस्पितळात भावाला भेटायला गेल्या, तेव्हा नेल्दा खोलीबाहेर बाकावर बसून होती आणि उठली नाही. धक्क्यावर बायका त्यांच्याशी हवापाण्यापुरते बोलू लागल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्यांचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. पुढे त्यांनी बाईंना सांगितले म्हणून मला हे कळले. त्या वही समोर घेऊन बसत आणि ते काळे अक्षर बघत राहत. हे मी त्याच दिवशी लिहिले, की नंतर भीतीने लिहिले? पेन संपले होते, हे मला आठवते आहे, की मी तसे मनाशी ठरवले आहे? तिसऱ्या आठवड्यात त्यांनी चुलीचे झाकण उचलले आणि वही आत टाकली.

बाईंनाही वाटत होते, की एदेलमीरा विसरल्या. त्यांना वाईट वाटे, पण शंका आली नव्हती. एप्रिलच्या शेवटी संघटनेने त्यांना सांगितले, की निदान एक अंक तुम्ही काढा, लोकांना ओहोटीच्या वेळा कळत नाहीत. एका बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मागच्या अंकाची फाईल उघडली, म्हणजे जुना मजकूर काढून नवा घालता येईल.

चौकटीच्या मजकुरापाशी त्या थांबल्या. बोटाने पडद्यावर मोजले. सात. मग त्यांनी फळ्याशेजारी टाचलेला छापील अंक काढून आणला. त्यात मोजले. सहा.

त्यांनी कळ दाबली. मी पुन्हा तसेच पान दिले, सुरेख आणि अपुरे. मग सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझी नोंदवही वरपासून खालपर्यंत वाचली. एकशे बेचाळिसाव्या ओळीवर त्यांचा हात थांबला. चूल विझून गेली तरी त्या तशाच बसून राहिल्या.

त्यांना गप्प राहता आले असते. कॉम्प्युटरच्या आत डोकावणारे गावात दुसरे कुणी नव्हते. फाईल पुसली असती, चौकट मोठी केली असती, तर पुढचा अंक नीट आला असता आणि विषय मिटला असता. त्यांच्या मनात हे आले नसेल असे मी म्हणणार नाही. एकदा त्यांनी ते सातवे नाव पुसलेही. पडद्यावर सहा ओळी उरल्या. त्यांच्याकडे त्या बघत राहिल्या. मग तो बदल न साठवताच त्यांनी ते नाव परत आणले, दोन कागद छापले आणि पिशवीत घातले.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर संघटनेच्या कचेरीत बैठक होती. रोसेंदो आला होता, कोट अंगावर लोंबत होता. नेल्दा त्याच्या शेजारी. एदेलमीरा येणार नव्हत्या. बाई स्वतः त्यांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आल्या, कशासाठी ते न सांगता.

बाईंनी दोन्ही कागद भिंतीला लावले. “डावीकडं एदेलमीराताईंनी टाईप केलेला मजकूर आहे. ज्या दिवशी अंक छापला त्याच दिवसाचा, फाईलवर तारीख आहे. ह्यात सात नावं आहेत. उजवीकडं छापलेला अंक. ह्यात सहा.”

“म्हणजे यंत्रानं खाल्लं?” कुणीतरी विचारले.

“नाही. यंत्राला मी तसं सांगून ठेवलं होतं. चौकट मी बांधली, सहाच ओळींची. सातवी आली तर काय, हे मी ठरवलंच नाही. यंत्र दर वेळी सांगत होतं, चौकट भरली, चौकट भरली. ताईंनी मला विचारलंही होतं, हे काय म्हणतंय. मीच म्हटलं, वाचू नका.” त्या रोसेंदोकडे वळल्या. “तुमच्या बाबतीत जे झालं ते माझ्यामुळं झालं. ताईंनी सगळं बरोबर लिहिलं होतं.”

रोसेंदोने घसा साफ केला. इस्पितळात घशात घातलेल्या नळीमुळे त्याचा आवाज अजून घोगरा होता. “बाई, शाळेत माझं गणित कच्चं होतं. पण सहा आणि सात इतकं तर मलाही जमतं.”

एक-दोघे हसले. नेल्दा हसली नाही. ती उठून एदेलमीरांपाशी गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. “वन्सं, मी सगळ्यांसमोर बोलले होते. म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. माझं चुकलं.”

एदेलमीरांनी मान हलवली, पण त्यांची नजर भिंतीवरच्या डाव्या कागदावर होती. मग त्या बाईंना म्हणाल्या, “लोक बोलले त्याचं मला काही नाही. पण महिनाभर मी स्वतःलाच खोटं समजत होते. वही जाळली मी. समजतंय का तुम्हाला? माझं खरं मीच जाळलं.”

“समजतंय,” बाई म्हणाल्या.

“नाही समजत,” असे म्हणून एदेलमीरा घरी गेल्या.

मला वाटले, आता माझे संपले. बाईंनी मला पुसावे असेही वाटले. पण मंगळवारी दुपारी कॉम्प्युटर खोलीचे दार उघडले आणि गमबुटांचा आवाज आला. एदेलमीरांच्या काखेत नवी वही होती. या वेळी मिलकाव नव्हते.

“हे मला आतून वाचायला शिकवा,” त्या उभ्यानेच म्हणाल्या. “वरून नाही. आतून. पुढं कुणी मला म्हणायचं नाही की हे वाचू नका.”

“बसा,” बाई म्हणाल्या.

एकसष्टाव्या वर्षी एदेलमीरांनी माझ्या चारशे ओळी शिकायच्या, हे सोपे नव्हते. पहिला महिनाभर दोघी कामापुरतेच बोलत. प्रत्येक खुणेच्या आधी एक तिरकी रेघ येते, तिला एदेलमीरा ‘लवंडलेली काठी’ म्हणत. महिरपी कंस उघडला की बंद केलाच पाहिजे, हे मात्र त्यांना लगेच पटले. “गोठ्याचं दार आहे हे,” त्या म्हणाल्या. “उघडं राहिलं की सगळं बाहेर.” नोंदवहीतल्या कुरकुरी त्या एकेक करून विचारत आणि ज्यांचे कारण बाईंना सांगता येत नसे, त्या दुरुस्त झाल्याशिवाय पुढे सरकू देत नसत. दीडशेच्या पाच उरल्या.

एका दुपारी चौकटीच्या ओळींपाशी आल्यावर एदेलमीरा थांबल्या. “फार तर पाच, असं मीच म्हटलं होतं तुम्हाला.”

“मी विचारलं म्हणून म्हणालात.”

“पण म्हटलं होतं.” त्यांनी पिशवीतून मातेचा पेला काढला, भरला आणि बाईंपुढे सरकवला.

त्या दोघींनी मला बदलले. चौकटीची उंची आता बांधलेली नाही. जितकी नावे तितकी ती वाढते आणि फुटबॉलचे निकाल गेले तरी चालतील, पण ती जागा घेते. चौकटीच्या माथ्यावर मी स्वतः मोजून लिहितो, ‘बंद किनारे : ७’, म्हणजे वाचणाऱ्यालाही मोजून ताडून पाहता यावे. आणि एवढे करूनही मजकूर एका कागदात मावला नाही, तर मी पानच देत नाही. काम थांबवतो आणि सांगतो, ‘एदेलमीरा, काहीतरी बाहेर राहिलंय.’ हे शब्द त्यांनीच घातले. अंक पुन्हा सुरू झाला. पहिली प्रत निघाली की एदेलमीरा ती आपल्या नवऱ्यासमोर मोठ्याने वाचत आणि तो वहीत बोट ठेवून प्रत्येक नावाला ‘हं’ म्हणे.

पुढे तीन वर्षांनी बाईंची आई आजारी पडली आणि त्या पुएर्तो मोंतला राहायला गेल्या. मी एदेलमीरांच्या हाती राहिलो. आता फोनवर बातम्या फिरतात. एकशे तीस प्रतींच्या साठ झाल्या, साठाच्या पंचवीस. शाळेने नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा मी त्यात चालेना. चार महिने मी बंद होतो आणि कुणाच्या लक्षातही आले नाही. एदेलमीरांनी बाईंना फोन करून, एकेक ओळ वाचून दाखवून मला पुन्हा उभे केले. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. माझ्यातल्या जुन्या खुणा आता नव्या यंत्राला कळेनाशा झाल्या आहेत. आम्ही दोघेही दमलो आहोत. माझ्या जागी कधीतरी दुसरा साचा येईल, यावा. मला त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्याजवळ एवढेच मागतो. तुमचे शब्द जे कुणी वाहून नेते, मग तो साचा असो की माणूस, त्याला अधूनमधून उघडून पाहा. ते काय म्हणते ते कंटाळा न करता ऐका. काम सुरेख झाले म्हणजे पुरे झाले असे धरून चालू नका. आणि एखादे माणूस ‘मी लिहिले होते’ असे म्हणाले, तर त्याच्या शाईचा रंग बघत बसण्याआधी चार ठिकाणी शोधून पाहा.

गेल्या फेब्रुवारीत बाई दोन दिवसांसाठी पुल्मावला आल्या होत्या. एदेलमीरा त्यांना शाळेत घेऊन आल्या, कारण तक्त्यात एक आकडा सरकत होता. बाईंनी मला उघडले. माझ्यात अशाही ओळी लिहिता येतात, ज्या कागदावर कधीच उमटत नाहीत. आधी एक खूण केली की ती ओळ फक्त आत डोकावणाऱ्यापुरती राहते. चौकटीच्या वर एदेलमीरांनी कधीतरी तशा तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या. बाईंना त्या ठाऊक नव्हत्या.

‘ही चौकट ओतिलिया ओयार्सो यांनी बांधली. तिच्यात चूक होती, आणि ती त्यांनी स्वतः येऊन सर्वांसमोर सांगितली. ह्यापुढे जो कोणी ह्या फाईलला हात लावेल, त्याने निदान तेवढे करावे.’

बाईंनी त्या वाचल्या. मग त्यांनी कळफलकावर हात ठेवला आणि त्या ओळींतले एक अक्षर बदलले.

“काय पुसताय?” एदेलमीरांनी डोळे बारीक करून विचारले. “ते पुसायचं नाही.”

“पुसत नाहीये. शुद्धलेखनाची एक चूक होती.”

“एकच?”

“एकच,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला जपून बंद केले.